ताम्हिणी उतरण्याआधी गाडीचा मीटर वाचायला शिकू या

ईदचा दुसरा दिवस असो की मे महिन्यातलं एखादं लग्न, कोंढवा, कॅम्प, हडपसरकडच्या कितीतरी गाड्या फज्रनंतर निघतात आणि चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागतात. म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव, गोरेगाव, महाड... ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांच्यासाठी हा गावाकडचा रस्ता. भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशी धरणाचं पाणी, आणि ताम्हिणी ओलांडली की थेट विळ्यापर्यंतचा उतार. गाडीत अम्मी-अब्बा, दोन-तीन मुलं, डिकीत डबे आणि बॅगा. गाडी बहुतेकदा सेकंडहँड घेतलेली. आणि मीटरमध्ये एक पिवळा दिवा तीन महिन्यांपासून पेटलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "तो तसाच असतो, सेन्सरचा प्रॉब्लेम आहे."

या एका वाक्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. शहरात सिग्नलवरून सिग्नलवर जाताना ते वाक्य चालून जातं. ताम्हिणीत चालत नाही. हा घाट सोपा नाही हे पुणेकरांना नव्यानं सांगायला नको. 20 डिसेंबर 2024 रोजी लग्नाला निघालेल्या लोकांची खासगी बस याच घाटात उलटली आणि 5 जणांचा जीव गेला. पावसाळ्यात तर विचारूच नका. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. कितीतरी तालुक्यांत अख्ख्या वर्षात एवढा पडतो.

लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरच्या पाट्या विचारतात, मीटरमधले दिवे फारसं कुणी विचारत नाही. गाडीबरोबर येणारं पुस्तक इंग्रजीत असतं आणि ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडून राहतं. पण एक गोष्ट आम्हा शिक्षकांना फार आवडते. हे दिवे भाषा न येणाऱ्यांसाठीच बनवलेले आहेत. तेलाची झारी, बॅटरी, थर्मामीटर, पट्टा बांधलेला माणूस ही चित्रं आयएसओ 2575 नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत. म्हणून जपानी गाडी असो, कोरियन असो की पिंपरीची, चित्रं जवळपास तीच. ज्यांना इंग्रजी येत नाही त्या अम्मीसुद्धा ती वाचू शकतात. आणि वाचायला हवीतच, कारण घाटात चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते. शेजारच्या सीटवर बसलेल्याने मीटरकडे अधूनमधून पाहिलं तर काही बिघडत नाही.

आधी हजेरी

चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधीच्या टप्प्यावर थांबा. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा, बऱ्याच गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. सगळे दिवे एकदम पेटतील. ही गाडीची हजेरी आहे. झारी, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग सगळे "हाजिर" म्हणतात. मग इंजिन सुरू केलं की झारी आणि बॅटरी लगेच विझायला हवी, एबीएस आणि एअरबॅग काही सेकंदांत. सफरची दुआ पढून होईपर्यंत मीटर स्वच्छ झालेला असतो. हँडब्रेकचा दिवा तेवढा राहतो, ब्रेक सोडला की तोही जातो. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं गुंडाळीचं एक पिवळं चित्र दिसतं. थंडीत ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा.

हजेरीत खरी गोम वेगळीच आहे. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलापेक्षा जो हजेरीला "हाजिर" म्हणतच नाही त्याची काळजी जास्त. तसंच इथं. एअरबॅगचा किंवा चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर पेटलाच नाही, तर तो दिवा कुणीतरी काढलेला किंवा तोडलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी विकताना दोष लपवायची ही जुनी युक्ती आहे. अपघात झालेल्या गाडीतल्या फुटलेल्या एअरबॅगा नव्या बसवायला मोठा खर्च येतो. झाकण चिकटवून दिवा बंद करायला काहीच लागत नाही. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडण्याआधी, सीट कव्हर बघण्याआधी, चावी फिरवून हजेरी घ्या. जुन्या गाडीत एअरबॅग मुळातच नसेल, कारण चालकासाठीची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत त्या मॉडेलला ती होती का, हे आधी विचारून घ्या. शिवाय जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. लाखोंचा व्यवहार करताना तेवढा खर्च जास्त नाही.

रंग म्हणजे किती वेळ हातात आहे

हिरवा आणि निळा फक्त माहिती देतात. इंडिकेटर चालू आहे, लाइट अप्पर आहे, एवढंच. लहान गाड्यांत निळं थर्मामीटर दिसतं, त्याचा अर्थ इंजिन अजून थंड आहे, रेस जपून द्या. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता, इथंच, सुरक्षित जागा बघून थांबा.

लालमध्ये सगळ्यात कमी वेळ देणारी ती तेलाची झारी. आपले लोक समजतात, तेल थोडं कमी झालं असेल, पौडला पोहोचून टाकू. पण हा दिवा बहुतेक गाड्यांत तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला आहे हे सांगतो. इंजिनमधले धातूचे भाग तेलाच्या पातळ थरावर फिरतात. दाब गेला की तो थर जातो आणि धातूवर धातू घासतो. पौड पाच किलोमीटर असलं तरी तिथपर्यंत इंजिन टिकेलच असं नाही. इंजिन बंद करा, सपाट जागेवर काही मिनिटं थांबून काडीवर तेल बघा. तेल बरोबर असूनही दिवा पेटत असेल तर गाडी टो करूनच न्यावी.

बॅटरीचा लाल दिवा थोडा वेळ देतो. बॅटरी खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. चार्जिंग होत नाही, असा आहे. म्हणजे आता गाडी बॅटरीत उरलेल्या वीजेवर चालली आहे. दिवसा, एसी-म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठता येतं. रात्री पावसात वायपर आणि हेडलाइट चालू असताना फार लांब जाता येत नाही. आणि बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर पाठोपाठ तापमान वाढेल.

जाताना ब्रेक, येताना इंजिन

पुण्याहून कोकणात जाताना ताम्हिणी उतरावी लागते, येताना चढावी लागते. त्यामुळं जाताना जपायचं ब्रेकला, येताना इंजिनला.

ब्रेकचा दिवा म्हणजे गोलात उद्गारचिन्ह, लाल. हँडब्रेक पूर्ण सोडला असूनही तो पेटलेला राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असण्याची शक्यता मोठी. ऑइल दोन कारणांनी कमी होतं. पॅड झिजले की हळूहळू, आणि कुठं गळती असली की पटकन. वरून ऑइल टाकलं की दिवा विझतो आणि कारण तिथंच राहतं. हा दिवा पेटलेला असताना घाटात उतरू नका. पौडलाच गॅरेज बघा. लग्नात निकाहची वेळ चुकली तर चुकू द्या.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मीटर सांगतच नाही. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की पॅड आणि डिस्क तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं ऑइल असेल तर त्यातलं पाणी उष्णतेनं उकळतं आणि पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली खाली जातं आणि गाडी थांबत नाही. यासाठी साध्या गाड्यांत दिवा नाही. नाकाला जळका वास आणि पायाला मऊ पडलेलं पेडल, एवढाच इशारा मिळतो. मागच्या सीटवरून "कसला वास येतोय?" असं कुणी विचारलं तर "समोरच्या ट्रकचा असेल" म्हणून सोडून देऊ नका. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. सेकंडहँड गाडीत ते शेवटचं कधी बदललं हे बहुधा कुणालाच माहीत नसतं, म्हणून गाडी घेतल्यावर ते आधी बदला.

यावर उपाय गिअर. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा, दुसरा किंवा तिसरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी, जोरात पण थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर डी वर ठेवून निवांत बसू नका. एल, 2 किंवा मॅन्युअल मोड असतो तो याचसाठी.

आणि न्यूट्रल! पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडं मामू-चाचांकडून वारशानं आली आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, आणि इंजिनाची पकड जाते. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनवर चालतो. स्टीअरिंगही जड होतं. चावी काढली तर ते लॉकच होतं.

वास आला तर खालच्या गिअरमध्ये, डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून थांबा. चाकाखाली दगड लावा. अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. आणि पेडल पूर्णच गेलं तर? भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यानं नाही, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. बटणाचा हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ओढून धरून ठेवला की गाडी स्वतः थांबायचा प्रयत्न करते. गाडी दरीकडे नव्हे, डोंगराकडे घ्या.

परतीच्या चढाला सात माणसं, वर एसी फुल्ल, बाहेर मे महिना. काटा वर सरकतो किंवा लाल थर्मामीटर पेटतं. आधी एसी बंद करा. तरी उतरत नसेल तर काचा उघडून हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर म्हटलं की मुलं ओरडतील, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. मग थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी व वाफ चेहऱ्यावर येते. एक तासभर थांबून, फडकं धरून, अर्धंच फिरवून बघा. चढावरून येणाऱ्या गाडीला वाट देणं हे उतरणाऱ्याचं काम आहे, अरुंद जागी पहिला हक्क चढणाऱ्याचा. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांतही तसंच आहे.

पिवळे, ज्यांच्याकडं आपण कानाडोळा करतो

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर गाडी चालवता येते, लवकर स्कॅन करून घ्या. तोच लुकलुकायला लागला आणि गाडी झटके देऊ लागली तर इंजिनात ठिणगी नीट पडत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. रेस कमी करा, थांबा. कन्व्हर्टर गेला तर खिशाला मोठं भोक पडतं.

एबीएसचा पिवळा दिवा पेटला तरी साधा ब्रेक लागतो. फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर चाकं लॉक होतील आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरेल. पावसात ताम्हिणीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकत्र पेटले तर पुढं जाऊ नका. घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकलं तर घाबरू नका, गाडी घसरत होती आणि यंत्रणेनं ती सावरली. तुम्ही फक्त वेग कमी करा. घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह असेल तर टायरमधली हवा कमी आहे. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा वेगळा, जास्त असतो.

एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल गाडी असेल तर काजळी साठवणाऱ्या फिल्टरचा दिवा दिसू शकतो. फक्त गल्लीबोळात चालणाऱ्या गाडीचा हा आजार. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगानं चालवली की फिल्टर आपोआप साफ होतो. तेवढ्यापुरता कोकणचा प्रवास गाडीला औषधासारखाच.

पाऊस, धुकं आणि काचा

पावसाळ्यात आतून काच धुरकट होते तेव्हा फडकं घेऊन पुसणारा चालक आम्ही कितीदा बघतो. एसी चालू करा आणि हवा काचेकडं वळवा. एसी हवा कोरडी करतो. हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. मिनिटभरात काच साफ होते.

धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणारे बरेच असतात. त्यानं वळायचा इशारा कळतच नाही, आणि मागच्याला वाटतं गाडी थांबली आहे. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी. धुक्यात लाइट डिपर, फॉग लॅम्प असेल तर तो. अप्पर केला तर प्रकाश धुक्यावरून उलटा डोळ्यात येतो. ओल्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. आणि नव्या गाड्यांत लेन धरून ठेवणारी, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती कॅमेऱ्यातून पांढरे पट्टे बघते. घाटात पट्टे पुसलेले, कॅमेऱ्यावर चिखल. तिच्या भरवशावर स्टीअरिंग सैल सोडू नका.

पट्ट्याचा आवाज

1 जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत 80 च्या पुढं वेग गेला की टिकटिक होते, 120 च्या पुढं सलग वाजते. पट्टा लावला नाही की वेगळा आवाज. हा आवाज बंद करायला पट्ट्याच्या खोबणीत घालायच्या क्लिपा मिळायच्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या. तरी कुणाच्या गाडीत अजून असेल तर आजच फेकून द्या. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली आहे. पट्टा नसेल तर माणूस पुढं फेकला जातो आणि फुगणारी एअरबॅग समोरून येऊन त्यालाच आदळते.

मागच्या सीटवर पट्टा लागत नाही हा समजही चुकीचा. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. गाडी महागडी होती. कायद्यानं मागचा पट्टाही सक्तीचा आहे, दंड 1,000 रुपये, आणि 14 वर्षांखालच्या मुलासाठी पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर तेवढाच. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ बसवणं आपल्या घरांत अगदी सर्रास. लोक म्हणतात, आईच्या हातात बाळ सुरक्षित. पन्नासच्या वेगानं गाडी आदळली तर कुठल्याच आईच्या हातात ते बाळ धरून ठेवण्याची ताकद नसते.

आणखी एक बारीक गोष्ट, बोलायला थोडी नाजूक. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जे झाकण असतं, ज्यावर एअरबॅग असं कोरलेलं असतं, त्यावर आपण आयत लिहिलेली काचेची तख्ती, अत्तराची बाटली, टिश्यूचा डबा चिकटवतो. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते आणि त्या झाकणावरची वस्तू गोळीसारखी समोरच्याच्या तोंडावर येते. तख्ती घरात भिंतीवर लावा. आरशाला लटकवलेली तस्बीहसुद्धा घाटातल्या वळणावर नेमकी समोरून येणाऱ्या गाडीच्या आड येते.

घाटात काही ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, त्यामुळं निघण्याआधीच गावाकडच्या एखाद्याला सांगून ठेवा की आम्ही ताम्हिणीनं येतोय, अमुक वाजेपर्यंत माणगावला पोहोचू. गाडी थांबलीच तर चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागच्या वळणाच्या अलीकडं ठेवा, आणि मुलांना गाडीच्या मागं उभं न करता रस्त्याबाहेर, डोंगराच्या कडेला उभं करा. पावसाळ्यात मात्र दगड सुटलेल्या कड्याखाली नको. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112.